साठ-चाळीस

ऑफर लेटरवर दोन आकडे होते.
साठ टक्के पगार, चाळीस टक्के तू स्वतः,
घस्सान म्हणाला, आणि पेन माझ्याकडे सरकवलं.
बाविसाव्या मजल्याच्या काचेबाहेर
दुबईचा मे धुरकट उभा होता.
चाळीस तर चाळीस, मी म्हटलं.
इचलकरंजीत रोज शंभर टक्के मीच असायचो.

विक्रीच्या हॉलमध्ये पितळी घंटा टांगली आहे,
मोडीत काढलेल्या जहाजावरची असावी.
करार झाला की ज्याचा त्याने वाजवायची.
मग सगळे उठून टाळ्या पिटतात,
ज्यांचा आकडा लाल असतो ते जरा जास्तच.
भिंतीवरच्या पडद्यावर नावं खालीवर होत राहतात.
रोव्हलिन पहिली. मी नववा, अकरा जणांत.
दहावा शब्बीर पारकर. शेवटची ओळ नव्या मुलाची,
त्याला अजून कुणी नावाने हाक मारत नाही.

जानेवारीत मी वाजवली.
दम्मामचा सिमेंट कारखाना, तीन वर्षांचं सॉफ्टवेअर.
बिजूने पिस्त्याचा केक आणला,
घस्सानने खांद्यावर हात ठेवला, आपण एक कुटुंब आहोत.
त्या कमिशनच्या भरवशावर शारजाच्या घरभाड्याचे
चार चेक पुढच्या तारखा घालून देऊन टाकले.
रात्री बायकोने हिशेबाची वही मिटली
आणि बऱ्याच दिवसांनी दिवा लवकर मालवला.

ऑगस्टमध्ये कारखान्याने करार मोडला.
तिकडे मालक बदलले, एवढंच कळलं.
पगाराच्या चिठ्ठीवर नवी ओळ आली, उणे चिन्हाची.
तिचं नाव भलतंच सभ्य होतं:
समायोजन.

वडिलांना फोनवर सांगितलं.
एकतीस वर्षं चार माग सांभाळले त्यांनी,
पिकावर मजुरी, आठवड्याला पगार.
कानांनी कमी ऐकू येतं आता, मागांचीच देणगी,
म्हणून ओरडावं लागलं, अख्ख्या मजल्याने ऐकलं असेल.
नशीब, मराठी कुणाला येत नाही, पारकर सोडून.
"म्हणजे खोट काढली?"
खोट नाही, दादा. माल चांगला होता.
"मग धागा तुटला?"
नाही हो. घेणाराच गेला.
बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले, "दिवाणजी हलकट होता आमचा,
पण एकदा तागा मोजला की मोजला."

पारकर सप्टेंबरअखेर गेला.
सतरा वर्षं आखातात, त्यातली नऊ इथे.
कुटुंबातून काढतात तेव्हा लॅपटॉप आधी काढून घेतात.
ग्रॅच्युइटी मिळाली, नियमाप्रमाणे, मूळ पगारावर.
चाळीस टक्के पारकर कुणी मोजलाच नाही.
लिफ्टपाशी म्हणाला, आता व्हिसाचे दिवस मोजतोय,
तेवढं गणित मला जमतं.
खोक्यात एक मग, मुलीचा फोटो,
आणि कढीपत्त्याचं वाळकं रोप.
खेडहून आणलेलं. एसीत जगलं नाही.

त्याच रात्री बेसमेंटमध्ये घस्सान दिसला.
गाडी चालू, दिवे चालू, हा हलत नव्हता.
त्याचाही आकडा वरून कुणीतरी वाढवला म्हणे.
काचेवर टकटक करावी का, ठरवता ठरवता
मी शारजाच्या रांगेत येऊन थांबलो होतो.

काल माझा एक छोटा करार झाला,
अजमानचा दाताचा दवाखाना, तीन खुर्च्यांचा.
घंटेची दोरी धरली, एकदाच ओढली.
टाळ्या झाल्या. पडद्यावर मी आठवा.
बिजूने विचारलं, केक कुठला?
म्हटलं, राहू दे रे, आधी पैसे तर येऊ देत.
तो हसला नाही. चहा ठेवून गेला,
साखर दोन चमचे, रोजच्यापेक्षा एक जास्त.